टेबलाखालची ताई

माझ्या वहिनीने शाळा काढली ती एका पोराच्या बोटामुळे.

आम्ही दोघी तेव्हा मोठ्या बाईंच्या शाळेत बालवर्गाला शिकवत होतो. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण वर्गात आल्या की पंखासुद्धा जपून फिरतो. तिथला नियम असा की मुलाने तोंड उघडायच्या आधी बोट वर करायचं. पाणी प्यायचंय, बोट वर. शू लागली, बोट वर, आणि परवानगी मिळेपर्यंत शू होऊन गेली तर ओरडा वेगळा. एके दिवशी एका पोराचं बोट खिडकीत चेमटलं. त्याने काय करावं? दुसऱ्या हाताचं बोट वर केलं. ओठ थरथरतायत, डोळे काठोकाठ भरलेत, आणि विचारतोय, "बाई, रडू का?"

वर्गावर वहिनी होती. ती त्याला "रड" म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसून स्वतःही रडली. दुपारी राजीनामा. मोठ्या बाई स्टाफरूममध्ये म्हणाल्या, "नाटकी आहे, चार दिवसांत परत येईल." आता, माझ्या वहिनीला मी वाटेल ते बोलेन. ती नाटकी आहेच. पण दुसऱ्या कुणी म्हटलेलं मला खपत नाही. मीही राजीनामा त्यांच्या टेबलावर आपटला. रागाच्या भरात बरी चाललेली नोकरी घालवली हे घरी जाऊन चहा पिताना लक्षात आलं, पण तोवर वहिनीने जागा बघून ठेवली होती.

जागा म्हणजे बंद पडलेली लाँड्री. आणि ती मोठ्या बाईंच्या गेटच्या बरोब्बर समोर, मधे फक्त रस्ता.

"दुसरीकडे कुठे मिळाली नाही?" मी विचारलं.

"मिळाली होती की," वहिनी म्हणाली. यावरून काय ते ओळखा.

लाँड्री शाळेला झकास होती, खोटं कशाला बोला. छताखालून एक लोखंडी पट्टी गेलेली, तिच्यावर सरकते हुक. पूर्वी त्यांना इस्त्रीचे कपडे लटकायचे, आम्ही हुकांना दोऱ्या बांधून पोरांची दप्तरं लटकवली. भिंतीवर वाफेचे जाड पाइप होते, त्यांना रंग दिला. कपड्यांच्या घड्या घालायचं एक अवाढव्य टेबल होतं, ते हलेचना म्हणून तिथेच राहिलं. पुढे शटर आणि छोटं अंगण, अंगणाला गेट. मागे एक दार, पूर्वी तिथून मळके कपडे आत यायचे. साबणाचा वास मात्र काही केल्या जाईना. आमच्या शाळेतली पोरं पहिल्या दिवसापासून धुतल्यासारखी वास मारायची आणि शेवटच्या तासाला डुकरासारखी दिसायची.

शाळेचं तत्त्व एवढंच की मूल ठरवेल ते. मोठ्यांनी हुकूम सोडायचा नाही. मागितल्याशिवाय मदत करायची नाही. आणि मुलाला कारण विचारायचं नाही. का, कशाला, कशासाठी, सगळं बंद. पहिले दोन नियम मला पटले नाहीत पण कळले. तिसऱ्यावर मी अडले.

"कारण विचारायचं नाही म्हणजे काय, वहिनी?"

"आत्ता तू दुसरा कप चहा का घेतलास?"

"का म्हणजे? सकाळपासून भिंती रंगवतेय मी, डोकं दुखतंय, आणि पहिला कप अर्धाच..."

"बघ. चोर पकडल्यासारखी बोलायला लागलीस." वहिनी खूष झाली. "मी नुसतं विचारलं होतं. पोरांचं हेच होतं. समोरच्या शाळेत 'का' हा प्रश्न कधी नव्हताच, ती छडी होती. का सांडलंस, का बोललीस, उशीर का झाला. इथे मूल म्हणालं मला हे हवंय, की हवंय. कारण त्याचं त्याच्यापाशी."

पोरांना मात्र मोकळं रान. त्यांनी दिवसभर 'का' विचारावं आणि मोठ्यांनी दर वेळी खरं उत्तर द्यावं. थापा नाहीत, 'मोठी झालीस की कळेल' नाही. गोगलगाय घर पाठीवर का नेते इथपासून ताईच्या हनुवटीवर केस का आहे इथपर्यंत सगळ्याची उत्तरं मी या तोंडाने दिली आहेत.

मोठ्या माणसाने चुकून कारण विचारलंच तर शिक्षा होती, आणि ती पोरांनी एकमताने ठरवली होती. टेबलाखाली जाऊन बसायचं. एखादं पोर "ये बाहेर" म्हणेपर्यंत हलायचं नाही. माझी इतक्या वर्षांची जीभ. पहिला आठवडा मी जवळजवळ टेबलाखालीच काढला. एका नव्या पोराने घरी सांगितलं, "आमच्या शाळेत टेबलाखाली एक ताई राहते." त्याची आई काळजीने बघायला आली, तेव्हा मी तिथेच होते.

हाताखाली आणखी एक माणूस हवा होता. वहिनीने निवडीची पद्धतही स्वतःच काढली. उमेदवाराने सकाळी सतरंजीवर येऊन बसायचं, काही करायचं नाही. शाळा सुटेपर्यंत एखादं मूल आपणहून त्याच्यापाशी बुटाचा बंद बांधायला किंवा शेंबूड पुसायला गेलं तर नोकरी पक्की. पहिल्या बाई हातात घालायच्या बाहुल्या घेऊन आल्या आणि बाहुलीच्या आवाजात बोलू लागल्या. पोरांनी बाहुल्या ठेवून घेतल्या, बाईंकडे बघितलंही नाही. दुसऱ्या बाई बालमानसशास्त्रावर इतकं बोलल्या की मीच टेबलाखाली जाऊन बसले, शिक्षा नसताना. तिसरा ड्रिलमास्तर. आयुष्यभर शिट्टी फुंकून पोरांच्या रांगा लावलेला, ताडमाड, गळ्यात शिट्टी अजून तशीच. सतरंजीवर बसला तर गुडघे कानाला लागले. थोड्या वेळाने त्याचे पाय झोपले आणि उठताच येईना. पोरांनी ते बघितलं, सगळी धावली, आणि दोरी ओढावी तसं त्याला ओढून उभं केलं. मग त्यातल्या प्रत्येकाने बुटाचा बंद पुढे केला, ज्यांच्या बुटांना बंद नव्हते त्यांनीही. ड्रिलमास्तरला ठेवून घेतलं. एकच अट, शिट्टी फुंकायची नाही. तो बिचारा सवयीने ती नुसती ओठांत धरायचा.

आता मुंगी. मुंगी म्हणजे वहिनीची आणि माझ्या भावाची लेक, माझी भाची. वय चार, अंगाने एवढीशी, पण एकदा ठरवलं की भिंतीवरून जाईल, वळसा घालणार नाही. माझा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. सगळं शहर त्याच्या जिवावर वरखाली करतं आणि तो स्वतः दिवेलागणीनंतर घरी उगवतो. त्यामुळे मुंगी सकाळी आमच्याबरोबर शाळेत आणि आमच्याबरोबरच परत.

शटर वर गेलं की वहिनीतली आई बंद व्हायची. तिला एकच धास्ती, लोक म्हणतील स्वतःच्या पोरीचे लाड करते. म्हणून मुंगी पडली तर वहिनी सगळ्यांत शेवटी वळायची. तिच्या मांडीवर सगळ्या पोरांना जागा, मुंगीचा नंबर शेवटचा, आणि तो यायच्या आत शाळा सुटायची. "आई" म्हणून हाक आली तर ही गोड हसून म्हणणार, "इथे ताई." मलाही ताईच म्हणायचं होतं. मुंगी मला "आत्याताई" म्हणायची, ते मी चालवून घेतलं.

दुपारी शाळा सुटली की गेटवर आयाबापांची गर्दी. ड्रिलमास्तर गेटात उभा राहून आत आवाज द्यायचा, कोणाची आई आली, कोणाचा बाबा आला. मुंगी स्टुलावर चढून ज्याचं त्याचं दप्तर हुकावरून काढून द्यायची. सगळी गेली की टेबलावर बसून पाय हलवत राहायची, आमची झाडलोट होईपर्यंत. किती शहाणी पोर, असं आम्ही तिघंही म्हणायचो.

आणि मग ती सोमवारची सकाळ. नव्या पालकांना शाळा दाखवायचा दिवस होता. पालक भिंतीला टेकून उभे, काही तर पाइपावर हात ठेवून गरम आहे की नाही ते बघत होते. पोरं गोलात बसली. रोज सकाळी प्रत्येकाने आज काय करणार ते सांगायचं, आणि सांगितलं की तो शब्द शेवटचा. एक म्हणाला, मी पाणी ओतणार. एक म्हणाली, मी काहीच करणार नाही. पालकांनी कौतुकाने एकमेकांकडे पाहिलं. मुंगीची पाळी आली.

"मी समोरच्या शाळेत जाणार," मुंगी म्हणाली.

कुणीतरी खुदकन हसलं. वहिनीचा चेहरा मी बघितला. हसू होतं तसंच होतं, पण मागून दिवा गेला होता.

"आज?" वहिनीने विचारलं.

"आज बघायला. मग रोज."

मला कारण विचारायचं होतं. ड्रिलमास्तरलाही. भिंतीला टेकलेल्या सगळ्या पालकांना तर विचारायचंच होतं. वहिनी म्हणाली, "ठीक आहे. तुझं तू ठरवलंस. ताई तुझ्याबरोबर येतील."

ताई म्हणजे मी. ज्या गेटातून नाक वर करून बाहेर पडले होते त्याच गेटातून भाचीचं बोट धरून आत जायचं! मी वहिनीकडे असं बघितलं की ती पालकांना पाइपांची माहिती द्यायला लागली.

मोठ्या बाईंनी आम्हाला बघितलं आणि त्यांची उंची वाढली. "या, या," म्हणाल्या. "बाळाला इथे यायचंय?"

"बघायचंय," मी म्हटलं.

"शेवटी शिस्तीची ओढ असतेच हो मुलांना. आईबाप काहीही प्रयोग करोत." त्यांनी मुंगीला पहिल्या बाकावर बसवलं. मी मागे उभी. वाटलं, आता पोर घाबरेल, रडेल, सुटलो. कसलं काय! मुंगी गप्प बसली. ओठांवर बोट ठेवायला सांगितलं, ठेवलं. फळ्यावरचं काही तिने बघितलं नाही, गाण्यात तोंड हलवलं नाही, गणवेशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाकावर बसून घंटेची वाट बघितली फक्त. घंटा झाली तशी ताडकन उठली आणि गेटच्या आतल्या बाजूला भिंतीशी जाऊन उभी राहिली. पोरं सुटत होती, न्यायला आलेल्या आयांच्या गर्दीत घुसत होती. मुंगी एकेकीकडे बघत होती. शेवटचं पोरगं गेल्यावर म्हणाली, "चल आत्याताई."

"आवडलं?" हे विचारायला बंदी नव्हती.

"हो," मुंगी म्हणाली.

"मग येत्या सोमवारपासून बसू दे," मागून मोठ्या बाई म्हणाल्या. "गणवेश तेवढा शिवून घ्या. चुण्या नीट पडल्या पाहिजेत हं, तुमच्या वहिनीला सांगा."

मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ती गोष्ट गावभर व्हायला संध्याकाळ लागली नाही. दुसऱ्या दिवशी गेटवर एक आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "नाही, म्हणजे, तुमच्या घरचीच मुलगी राहत नाही म्हटल्यावर..." दुसऱ्या एका बापाने सरळच सांगितलं, सोमवारी मुंगी रस्त्याच्या कुठल्या बाजूला दिसते ते बघून आम्ही ठरवू. म्हणजे सगळी शाळा एका चार वर्षांच्या पोरीच्या चपलांवर येऊन थांबली.

आणि आम्ही तिघं शहाणे काय करत होतो? तर्क. कारण विचारता येत नाही म्हटल्यावर तर्काला ऊत आला. वहिनी म्हणाली, मुलांना एका वयात रचनेची भूक लागते. मी म्हटलं, तिला त्या स्कर्टच्या चुण्यांची भूक लागली आहे. ड्रिलमास्तर खाली मान घालून म्हणाला, "शिट्टीचीही असू शकेल."

वहिनीने पितळी घंटा आणली आणि काही न बोलता फळीवर ठेवली. याला आमच्याकडे वातावरणात उपलब्ध करून देणं म्हणतात. दोन बाकही आणले. मुंगीने घंटेकडे पाहिलं, एकदा वाजवली, खाली ठेवली. पण बाकीच्या पोरांच्या अंगात आलं. मंगळवारी त्यांनी बाक रांगेत लावले. बुधवारी एका पोरीने माझी ओढणी खांद्यावर घेतली आणि मोठ्या बाई झाली. गुरुवारपर्यंत आमच्या मोकळ्या शाळेत, पोरांच्या संपूर्ण मर्जीने, शहरातली सगळ्यांत कडक शाळा भरत होती. ओठांवर बोट ठेवून सगळी बसलेली. हसलं की भिंतीकडे तोंड. ड्रिलमास्तर हसला म्हणून त्याला भिंतीकडे तोंड करून उभा केला, तिथून तो मला सांगत होता, "ताई, जुने दिवस आठवले हो." पोरांनी बहुमताने त्याला शिट्टी फुंकायची परवानगी दिली, तेव्हा त्याचे डोळे पाणावले. मला तर वाटत होतं, हे आधीच करायला हवं होतं.

"थांबव ना हे!" मी वहिनीला म्हटलं, मनातून नाही.

"कसं थांबवू? त्यांनी ठरवलंय," वहिनी म्हणाली आणि तिलाही भिंतीकडे उभं केलं गेलं, वर्गात बोलल्याबद्दल.

मुंगी यातल्या कशातच नव्हती. ती पुढच्या पायरीवर बसून रस्त्यापलीकडच्या गेटकडे बघायची. तिकडे शाळा आमच्याआधी सुटायची, तेवढ्या वेळात ती उभी राहायची, आणि गर्दी पांगली की आत येऊन आमच्या पोरांची दप्तरं काढायला स्टुलावर चढायची.

शुक्रवारी संध्याकाळी वहिनी मशीनवर बसून गणवेश शिवत होती. मुंगी आतल्या खोलीत झोपली होती. चुण्या सुरेख पडल्या होत्या. मी समोर बसून गुंड्या लावत होते आणि उकळत होते.

"वहिनी, विचार तिला."

"नाही."

"एकदा. घरात. इथे कुठला नियम आलाय?"

"नियम शटरला लावलाय का, खाली ओढला की संपला? कितीतरी आयांना मी सांगितलंय, मुलाने निवडलं की मान्य करा, कारणासाठी त्याला खोदू नका. त्यांनी ऐकलं माझं. आता माझ्यावर आलं म्हणून मी खोदू?"

"शाळा बुडेल अशाने."

"बुडू दे!" मशीन थांबलं. "वन्सं, तुम्हाला काय वाटतं, मी शाळेसाठी रडतेय?" एरवी आम्ही अगंतुगंवर असतो, रागावली की ती मला 'वन्सं, तुम्ही' करते. "शाळा गेली तर मी उद्या दुकानात कापड फाडीन. माझी पोरगी मला सोडून चालली आहे. इतक्या पोरांना मी आवडते आणि तिला नाही. मी काय केलं तेच मला कळत नाही. आणि मी विचारलं, आणि तिने सांगितलं, तर?"

तेव्हा मला कळलं की तत्त्वबित्त्व निम्मंच आहे. बाई उत्तराला घाबरली होती. मी गुंडी लावली, उलटी लावली, काढून परत लावली. तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं, पण आमच्याकडे नणंदा-भावजया तसं करत नाहीत, म्हणून मी चहा केला.

शनिवारी वहिनीने तो गणवेश शाळेत आणला आणि हुकाला लटकवला. मुंगीला सांगितलं, "हा तुझा. सोमवारी घालायचा." आवाज स्थिर. मुंगी "बरं" म्हणाली. दिवसभर तो स्कर्ट छताखाली लटकत होता आणि पोरं येताजाता त्याला सरकवत होती. मला कधी नव्हे ते त्या लाँड्रीवाल्याची आठवण आली, जो कोण असेल तो. त्याच्याकडे कपडे यायचे आणि माणसांच्या अंगावर परत जायचे, एवढंच काम.

दुपार झाली. बाहेर गर्दी जमायला लागली. ड्रिलमास्तर गेटात उभा राहिला. वहिनी मागच्या बाजूला झाडायला लागली होती, सगळ्यांकडे पाठ करून. मुंगी स्टुलावर चढली आणि पहिल्या दप्तराला हात घातला. तिने ते काढलं, ज्याचं त्याला दिलं, ते पोरगं पळालं, आणि ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. तसं बघणं मी आधी कुठे पाहिलं होतं? मोठ्या बाईंच्या गेटशी, सोमवारी.

गेला खड्ड्यात नियम, असं मी मोठ्याने म्हणाले की मनात, आता आठवत नाही.

"मुंगे," मी म्हटलं, "तुला समोरच्या शाळेत का जायचंय?"

सगळी पोरं माझ्याकडे वळली. "'का' विचारलं! 'का' विचारलं! ताईने 'का' विचारलं! टेबलाखाली!"

"जाते रे, जाते. आधी तिला बोलू दे." मी ओणवी झाले, गुडघे कुरकुरले, टेबलाखाली शिरले आणि तिथून मान बाहेर काढली. "सांग."

मुंगी स्टुलावर उभीच होती. तिला काही चोर पकडल्यासारखं वाटलं नाही. बरेच दिवस कुणी विचारेना, आता एकदाचं विचारलं, असा चेहरा.

"तिथे सुटल्यावर आई येते," ती म्हणाली. "गेटवर. सगळ्यांची."

"अगं, पण तुझी आई तर दिवसभर इथेच असते."

"इथे ताई असते."

मागचा झाडू थांबला.

"आणि घरी?" मी विचारलं.

"घरी तिला झोप येते," मुंगी म्हणाली आणि पुढचं दप्तर काढायला वळली.

मी टेबलाखालून वहिनीकडे बघितलं. टेबलाखालून माणसाचं कमरेखालचं तेवढं दिसतं. तिची पावलं जिथल्या तिथे होती. मग झाडू खाली पडला. पावलं वळली, पुढच्या बाजूला नाही, मागच्या दाराकडे. दार उघडलं, लागलं. मला वाटलं, झालं, गेली कुठेतरी रडायला. उठून मागे जावं तर कुणी "ये बाहेर" म्हणत नव्हतं, आणि नियम म्हणजे नियम.

एकेक पोर गेलं. ड्रिलमास्तर आवाज देत होता, याची आई, तिचा बाबा, याची मावशी. गर्दीचे पाय कमी होत गेले. गेटाबाहेर गप्पा मारत थांबलेल्या चार-पाच जणांच्याच चपला उरल्या. मग कोपऱ्यावरून, लाँड्रीच्या बाजूच्या बोळातून, कचऱ्याचे डबे ठेवतात तिकडून, धापा टाकत दोन पाय आले. वहिनीच्या चपला. एका चपलेला केळ्याचं साल चिकटलं होतं. त्या गेटाबाहेर इतर आयांच्या मागे नीट येऊन उभ्या राहिल्या.

ड्रिलमास्तरचे बूट तिच्याकडे वळले. त्याने आतलं बोलणं ऐकलं होतं की नाही मला ठाऊक नाही, पण माणूस रांगा लावण्यात मुरलेला. कोण कुठे उभं आहे ते त्याला बरोबर कळतं. सगळ्या आठवड्याची कसर काढावी तशी त्याने शिट्टी फुंकली.

"मुंगीची आई आली!"

मुंगी स्टुलावरून उतरली. तिचं स्वतःचं दप्तर शेवटच्या हुकाला होतं, गणवेशाच्या शेजारी. ते तिने कधी घाईने काढलंच नव्हतं. स्टूल ओढावं लागलं, वर हुक खडखडले, गणवेश खाली पडला. तो तिने उचलला नाही. धावली. मला तिचेही पाय तेवढे दिसले, आणि गेटापाशी ते जमिनीवरून दिसेनासे झाले.

पहिलं काय बोलली असेल? तिने तक्रार केली.

"एवढा उशीर का केलास?"

आमच्या शाळेत मुलाच्या 'का'ला मोठ्यांनी खरं उत्तर द्यायचं असतं. मी टेबलाखालून मान बाहेर काढली. सगळे थांबले होते, दोघी-तिघी आया, सोमवारी ठरवणारा तो बाप, ड्रिलमास्तर. रस्त्यापलीकडे मोठ्या बाई गेटला कुलूप लावता लावता थांबल्या होत्या.

"मला रस्ता सापडत नव्हता गं," वहिनी म्हणाली.

"मागच्या दाराने यायचं ना, आई," मुंगी म्हणाली. "उद्या लवकर ये."

"उद्या रविवार आहे."

"मग सोमवारी."

"सोमवारी पहिली येईन."

त्यांच्या चपला घराच्या दिशेने गेल्या. म्हणजे एकीच्याच चपला, दुसरी कडेवर होती. झाडलोट अर्धी राहिली होती, शटर उघडं होतं. मला "ये बाहेर" म्हणायला एकही पोर शिल्लक नव्हतं. मी टेबलाखाली बसून रडले. बोट वर केलं नाही.